फेरोईजचं ‘यार्टा’, नॉर्वेजियनचं ‘यॅट्टे’: शरीरातल्या एका शब्दाचं मूळ आणि व्याकरण कसं उलगडावं

परक्या भाषेच्या ऑनलाइन शब्दकोशात एखादी नोंद उघडली की पहिल्याच ओळीत गाडी अडते. शब्दापुढे एका अक्षराची खूण, मग दोन-तीन शेपट्या, मग ‘जुनी नॉर्स’ असा उल्लेख, आणि शेवटी डोक्यावर तारा घेऊन बसलेला एक उच्चारता न येणारा शब्द. अर्थ तेवढा उचलून बहुतेक जण पान बंद करतात. त्या एका ओळीत दोन-तीन हजार वर्षांचा हिशेब मांडलेला असतो, आणि तो वाचायची रीत शिकायला फारशी पूर्वतयारीही लागत नाही. शाळेतलं संस्कृत थोडंफार आठवत असेल तर निम्मं काम झालंच म्हणा.

उदाहरणाला ‘हृदय’ घेऊ. फेरो बेटांवर त्याला ‘यार्टा’ म्हणतात, नॉर्वेत ‘यॅट्टे’ किंवा ‘याट्टे’. शरीराच्या अवयवाचा शब्द मुद्दाम निवडला आहे. अवयवांची नावं रोजच्या तोंडातली असतात, त्यामुळे ती सहसा उसनी घेतली जात नाहीत आणि त्यांची जुनी, आडमुठी रूपं घासूनपुसून सरळ होत नाहीत. बाकीच्या भाषेतून केव्हाच गेलेलं व्याकरण या शब्दांत टिकून राहतं. म्हणून इथे व्युत्पत्ती आणि रूपावली वेगवेगळ्या वाचायच्या नाहीत. एकीचं कोडं दुसरीत सुटतं.

पायरी १: कोणत्या भाषेची, कोणत्या लेखनाची नोंद आहे ते आधी बघा

फेरो बेटं उत्तर अटलांटिकमध्ये, स्कॉटलंड आणि आइसलंडच्या मधोमध. १८ बेटं, वस्ती जेमतेम पन्नास-पंचावन्न हजार. नवव्या शतकात नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरून लोक तिथे जाऊन वसले, म्हणजे फेरोईज आणि नॉर्वेजियन या एकाच घरातून निघालेल्या दोन शाखा. पुढे दोन्ही प्रदेशांत लिहिण्या-वाचण्याची भाषा डॅनिश झाली. फेरोईज बोलण्यात, गाण्यांत आणि पोवाड्यांत जिवंत राहिली, पण तिला ठरलेलं लेखन नव्हतं. ते १८४६ साली हामर्सहाइम्ब या धर्मोपदेशकाने घालून दिलं, आणि त्याने उच्चाराप्रमाणे न लिहिता जुन्या नॉर्सच्या, म्हणजे या दोन्ही भाषांच्या मध्ययुगीन पूर्वज भाषेच्या, वळणावर लिहायचं ठरवलं. याचा परिणाम रोज डोळ्यांसमोर दिसतो. फेरोईज शब्द कागदावर हजार वर्षांपूर्वीचा वाटतो आणि कानाला भलताच लागतो.

नॉर्वेची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. डेन्मार्कशी असलेला संबंध १८१४ साली तुटला, पण लिखाण डॅनिशच राहिलं. त्या डॅनिशलाच हळूहळू नॉर्वेजियन करत एक लेखन तयार झालं, ते आजचं बूकमोल. दुसरीकडे ईवार ओसेन नावाचा शेतकऱ्याचा मुलगा १८४० च्या दशकात गावोगाव पायी हिंडला, बोली टिपून घेतल्या, १८४८ साली व्याकरण आणि १८५० साली शब्दकोश छापला. त्यातून उभं राहिलं ते आजचं नुनॉर्स्क. १८८५ पासून दोन्ही लेखनांना समान दर्जा आहे. म्हणजे ‘नॉर्वेजियन शब्द’ असं नुसतं म्हणून भागत नाही, कुठल्या लेखनातला ते सांगावं लागतं. बूकमोलमधला ‘यॅट्टे’ डॅनिशच्या हाताला धरून आलेला, तर नुनॉर्स्कमधला ‘याट्टे’ बोलींच्या तोंडून. अधिकृत शब्दकोशाच्या संकेतस्थळावर दोन्ही लेखनांच्या नोंदी शेजारी-शेजारी दिसतात. बर्गन विद्यापीठ आणि नॉर्वेची भाषा परिषद मिळून तो चालवतात, आणि तो फुकट आहे. सुरुवात तिथूनच करावी.

पायरी २: स्पेलिंग आणि उच्चार यांची फारकत करा

फेरोईज शब्दाची अक्षरं आहेत एच, जे, ए, आर, टी, ए. बूकमोलमध्ये एच, जे, ई, आर, टी, ई. नुनॉर्स्कमध्ये पहिला स्वर ‘ए’ आणि शेवटचा ‘ई’. जे हे अक्षर या भाषांत ‘य’ असतं, आणि त्याच्या आधीचा एच इथे मुका आहे. लिहायचा, बोलायचा नाही. जुन्या नॉर्समध्ये तो उच्चारला जात असे, ‘ह्यार्ता’ असा.

ओस्लोच्या बाजूला ‘र’ आणि ‘त’ एकत्र आले की जीभ टाळूकडे वळते आणि स्वच्छ ‘ट’ निघतो. इंग्रजांना आणि फ्रेंचांना हा ध्वनी शिकवताना नॉर्वेजियन शिक्षकांना घाम फुटतो. आपण मात्र तो रोज वापरतो. त्यामुळे ‘यॅट्टे’ देवनागरीत लिहिल्यासारखाच म्हणावा, फक्त शेवटचा ‘ए’ ढिला ठेवावा, जवळजवळ ‘अ’. बर्गन किंवा स्तावांगरकडे गेलात तर तिथला ‘र’ घशातून येतो आणि हा ‘ट’ नाहीसा होतो. फेरोईजमध्येही ‘ट’ मूर्धन्यच, पण त्याच्या आधीचा ‘र’ श्वास सोडत उच्चारला जातो आणि ऐकायला ‘ष’कडे झुकतो. खाली मी सोयीसाठी ‘यार्टा’ असंच लिहिलं आहे, आणि बाकीची फेरोईज रूपंही स्पेलिंगच्या धोरणाने.

पायरी ३: लिंग आधी, बाकी सगळं नंतर

शब्दापुढची एकाक्षरी खूण म्हणजे लिंग. नॉर्वेजियन नोंदीत ते नपुंसक असल्याचं दिसेल. बूकमोलमध्ये त्याला ‘इंतेत-श्यॉन’ म्हणजे ‘काहीच लिंग नाही’ असं म्हणतात. फेरोईजमध्ये ‘ह्वर्की’ म्हणजे ‘धड हेही नाही, तेही नाही’ या अर्थाच्या शब्दापासून नपुंसकलिंगाचं नाव पडलं आहे. आपल्या ‘नपुंसक’ शब्दाचाही रोख तोच.

हिंदीभाषकाला इथे वेगळा प्रयत्न करावा लागतो, कारण हिंदीतून नपुंसकलिंग केव्हाच गेलं. मराठी, कोंकणी आणि गुजराती यांनी ते जपलं. ‘ते हृदय’, ‘ते काळीज’ हे आपल्याला शिकवावं लागत नाही. शिवाय या विशिष्ट शब्दाच्या बाबतीत योगायोग नाही, वारसा आहे: फेरोईज, नॉर्वेजियन, लॅटिन, रशियन, संस्कृत या सगळ्या एकाच मूळ इंडो-युरोपीय भाषेतून निघालेल्या. लॅटिनमधला ‘कोर’ नपुंसक, रशियनमधला ‘सेर्द्‌त्से’ नपुंसक, संस्कृतातले ‘हृद्’ आणि ‘हृदय’ नपुंसक, जर्मन ‘हेर्त्स’ नपुंसक. मूळ शब्दाचं लिंग पाच-सहा हजार वर्षं इतक्या फांद्यांवर तसंच राहिलं. जुन्या इंग्रजीत मात्र तो स्त्रीलिंगी झाला, आणि लिथुआनियनमध्ये नपुंसक नामंच उरली नाहीत म्हणून तिथेही स्त्रीलिंगी. व्युत्पत्ती तपासताना लिंग जुळतंय का, हा पहिला आणि सर्वांत स्वस्त पुरावा असतो.

पायरी ४: रूपावली वाचा, आणि शब्द कोणत्या गटातला आहे ते ओळखा

नॉर्डिक, म्हणजे जुन्या नॉर्सच्या घराण्यातल्या, भाषांत ‘तो, ती, ते’ हा निश्चितपणा दाखवणारा शब्द नामाच्या आधी सुटा येत नाही, नामाच्या शेपटीला चिकटतो. आपल्याला शेपटीला प्रत्यय लावायची सवय आहेच. बूकमोलमधली चार रूपं अशी:

एक हृदय: ‘एत यॅट्टे’
ते हृदय: शेवटी टी जोडून, ‘यॅट्टे’
हृदयं: ‘यॅट्टर’
ती हृदयं: ‘यॅट्टेने’ किंवा ‘यॅट्टा’

दुसऱ्या ओळीत काही खटकलं असेल तर बरोबर खटकलं. ‘ते हृदय’ लिहिताना जोडलेला टी बोलायचा नसतो, म्हणून ‘हृदय’ आणि ‘ते हृदय’ कानाला एकच. फेरोईजमध्येही नेमकं हेच होतं, वेगळ्या कारणाने. तिथे निश्चित रूपाला डी-सारखं दिसणारं, दांडीवर आडवी रेघ असलेलं एक अक्षर जोडतात. हे अक्षर लेखनात जागोजाग भेटतं आणि त्याचा स्वतःचा उच्चार नसतो. हामर्सहाइम्बने ते जुन्या नॉर्सच्या आठवणीसाठी ठेवलं. म्हणजे ‘यार्टा’ आणि ‘यार्टा’. फरक फक्त कागदावर. संदर्भावरून अर्थ लावावा, तिथले लोकही तेच करतात.

नुनॉर्स्कमध्ये: ‘एट याट्टे’, निश्चित ‘याट्टे’ (पुन्हा मुका टी), अनेकवचन ‘याट्टे’, निश्चित अनेकवचन ‘याट्टा’. चारांतली तीन रूपं बोलताना सारखी. नुनॉर्स्क शिकणारे सुरुवातीला यावरून वैतागतात.

आता फेरोईज. तिथे चार विभक्ती अजून जिवंत आहेत, निदान तीन तरी, कारण षष्ठी रोजच्या बोलण्यातून जवळजवळ गेली आहे आणि समासांत व ठरीव वाक्प्रयोगांत उरली आहे. एकवचनात अनिश्चित रूप सगळ्या विभक्तींत ‘यार्टा’च. निश्चित रूपात प्रथमा-द्वितीया ‘यार्टा’, चतुर्थी ‘यार्टानुम’. अनेकवचनात स्वरच बदलतो: प्रथमा-द्वितीया ‘यॉर्टू’, निश्चित ‘यॉर्टुनी’. चतुर्थी ‘यॉर्टुम’, निश्चित ‘यॉर्टुनुम’. यातला पहिला स्वर ‘ओ’साठी ओठ गोल करून ‘ए’ म्हणावं तसा आहे. लिहिताना ओ-वर तिरकी रेघ मारतात.

या रूपावलीतली खरी मेख म्हणजे एकवचनात सगळीकडे ‘आ’ आणि अनेकवचनात ‘ऊ’. अशी रूपं चालवणारी नपुंसक नामं जुन्या नॉर्समध्ये मोजकीच होती. व्याकरणात त्यांना दुर्बल नपुंसक नामं म्हणतात. यादी डोळ्यांखालून घाला: डोळा, कान, हृदय, फुप्फुस, मूत्रपिंड, वृषण. एखाद-दुसरा सुताच्या गुंड्यासारखा शब्द सोडला तर सगळा शरीराचाच संसार. जवळजवळ एक आख्खा व्याकरणगट अवयवांनी अडवून ठेवलेला.

हे वाचताना पाणिनी आठवल्याशिवाय राहत नाही. अष्टाध्यायीत सातव्या अध्यायात एक सूत्र आहे, ‘अस्थिदधिसक्थ्यक्ष्णामनङुदात्तः’. अस्थि, दधि, सक्थि म्हणजे मांडी, आणि अक्षि, या चार नपुंसक नामांना काही विभक्तींत ‘न’ येऊन मिळतो. म्हणून ‘अक्ष्णा’, ‘अस्थ्ना’. शाळेत हे पाठ करताना कटकट वाटलेली असते. चारांतले तीन शब्द शरीराचे आहेत आणि चौथा दह्याचा. तसंच सहाव्या अध्यायातलं ‘पद्दन्नोमास्हृन्’ने सुरू होणारं लांबलचक सूत्र पाहा: पाद, दंत, नासिका, हृदय, यकृत अशा शब्दांना काही विभक्तींत जुनी आखूड रूपं येतात, त्यांत ‘हृदय’च्या जागी ‘हृद्’. पाणिनीलाही या शब्दांसाठी वेगळी सोय करावी लागली. नियमित व्याकरणाच्या रेट्याला अवयवांची नावं दाद देत नाहीत, हे भारतात आणि उत्तर अटलांटिकमध्ये स्वतंत्रपणे दिसतं.

फेरोईजच्या गटाचं मूळही ‘न’कारांत नामांतच आहे. गॉथिक या जर्मन-इंग्रजीच्या नात्यातल्या, आता लुप्त झालेल्या भाषेत हृदयाचं अनेकवचन ‘हेर्तोना’ असं होतं, त्यात हा ‘न’ उघड दिसतो. जर्मनमध्ये ‘हृदयाचा’ म्हणताना ‘हेर्त्सेन्स’ असा मध्येच एक ‘न’ उगवतो, तोही त्याच घराण्यातला. नॉर्समध्ये तो झिजून गेला आणि नुसता स्वर उरला.

नॉर्वेत हा गट आज मोडकळीला आला आहे. बूकमोलने ‘यॅट्टे’ला सरळ सर्वसाधारण नपुंसक नामांत घालून ‘र’चं अनेकवचन दिलं. नुनॉर्स्कमध्ये मात्र ‘डोळा’ आजही जुन्या वळणाने चालवता येतो: ‘एट ऑउगा’, निश्चित ‘ऑउगा’, अनेकवचन ‘ऑउगो’. तो शेवटचा ‘ओ’ आणि फेरोईजमधला ‘ऊ’ एकच.

पायरी ५: स्वर का बदलले ते दोन नियमांत सांगता आलं पाहिजे

पहिला नियम: नॉर्डिक भाषांत जुना ‘ए’ पुढच्या अक्षरातल्या ‘आ’मुळे फुटला आणि ‘या’ झाला. याला स्वरभंग म्हणू. इंग्रजी येत असेल तर तपासणं सोपं आहे. इंग्रजी ‘हार्ट’, फेरोईज ‘यार्टा’. इंग्रजी ‘हेल्प’, नॉर्वेजियन ‘येल्पे’. पुढे ‘ऊ’ असेल तर फुटलेला स्वर गोल होतो: इंग्रजी ‘अर्थ’ म्हणजे पृथ्वी, नॉर्वेजियन ‘यूर’, लिहिताना शेवटी डी. इंग्रजी ‘स्टार’, नॉर्वेजियन ‘स्त्येर्ने’, आणि त्यालाच वेदातला ‘स्तृ’. जिथे इंग्रजी-जर्मनमध्ये साधा स्वर आहे आणि नॉर्डिकमध्ये अचानक ‘य’ घुसलेला दिसतो, तिथे हा नियम लावून बघावा.

दुसरा नियम: पुढे ‘ऊ’ असेल तर मागचा ‘आ’ ओठ गोल करतो. म्हणूनच ‘यार्टा’चं ‘यॉर्टू’. फेरोईजमध्ये मुलाला ‘बार्न’ म्हणतात तसं अनेकवचन ‘बॉर्न’. तिथला ‘ऊ’ तर इतिहासजमा झाला, पण त्याने केलेला बदल राहिला. नॉर्वेजियनमध्ये या शब्दात हा बदल पुसला गेला: एक ‘बार्न’, दहा ‘बार्न’.

या दोन नियमांनी शब्द उलटा चालवत नेला की जुन्या नॉर्सच्या ‘ह्यार्ता’पाशी आणि तिथून ‘हेर्ता’सारख्या जर्मानिक, म्हणजे इंग्रजी, जर्मन आणि नॉर्डिक भाषांच्या सामाईक पूर्वजातल्या, रूपाशी पोचतो. शब्दकोशात तारा इथे सुरू होतो. ताऱ्याचा अर्थ: हे रूप कुठे लिहिलेलं सापडलेलं नाही, अनेक भाषा जुळवून बसवलेलं आहे. ताऱ्याला घाबरू नये, आणि त्याला शिलालेखही समजू नये.

पायरी ६: ‘ह’ला ‘ह’ जुळला म्हणून खूश होऊ नका

आपल्याकडचे हौशी व्युत्पत्तीकार इथे हमखास फसतात, म्हणून या पायरीवर जास्त वेळ घालवायचा आहे. ‘हार्ट’ आणि ‘हृद्’, ‘हार्दिक’. दोन्हीकडे ह, र आणि दंत्य वर्ण. झालं, इंग्रजी संस्कृतातून निघाली!

आता नियमाने बघू. १८१८ साली डॅनिश विद्वान रास्क याने आणि १८२२ साली याकोब ग्रिम याने दाखवलं की जर्मानिक भाषांत मूळ व्यंजनं ठरावीक रीतीने सरकली. लॅटिनमधला ‘क’ तिथे ‘ह’ होतो, ‘द’चा ‘त’ होतो. लॅटिन ‘केंतुम’, नॉर्वेजियन ‘हुंद्रे’, शंभर. लॅटिन ‘कानिस’, नॉर्वेजियन ‘हुंद’, कुत्रा. लॅटिन ‘देकेम’, इंग्रजी ‘टेन’. त्याच चालीवर लॅटिन ‘कोर्द’, ग्रीक ‘कार्दिया’, आणि जर्मानिक ‘हेर्त’. क-चा ह, द-चा त. चोख बसलं.

याच ओळींत संस्कृत ठेवून बघा: शत, श्वन्, दशन्. जर्मानिक ‘ह’च्या समोर संस्कृतात ‘श’ येतो. म्हणजे हृदयाचा शब्द नियमाने ‘शृद्’ असायला हवा होता. लिथुआनियन ‘शिर्दिस’ आणि रशियन ‘सेर्द्‌त्से’ तेच सांगतात, तिथे श आणि स आहेतच. आणि संस्कृत ‘ह’च्या समोर जर्मानिकमध्ये काय येतं? ‘ग’. हंस, नॉर्वेजियन ‘गोस’. म्हणजे ‘हार्ट’ आणि ‘हृद्’ यांतले दोन ‘ह’ एकमेकांचे कोणी नाहीत. शब्द सख्खे भाऊ आहेत, पण ज्या खुणेवरून आपण त्यांना ओळखलं तीच खूण खोटी.

मग संस्कृतात ‘ह’ आला कुठून? अवेस्तात, म्हणजे पारशांच्या प्राचीन इराणी धर्मग्रंथात, या शब्दाच्या सुरुवातीला ‘झ’ आहे, आणि तो संस्कृत ‘ह’शी जुळणारा आहे. त्याचीच पुढची पिढी फारसीतला ‘दिल’. म्हणजे बदल भारतात झालेला नाही, इराणी आणि भारतीय शाखा एकत्र होत्या तेव्हाच तो होऊन गेला होता. आणि तो ‘श’ अगदीच हरवलाही नाही. ‘श्रद्धा’ या शब्दात ‘श्रद्’ हा तुकडा आहे, त्यात ‘धा’ म्हणजे ठेवणं मिळवलेलं. हृदय ठेवणं. लॅटिनमध्ये याच जोडीतून ‘क्रेदो’ म्हणजे मी विश्वास ठेवतो, आणि त्यातून आपल्या बँकेतलं क्रेडिट.

मराठीच्या घरातच या कुळाचे किती सदस्य वेगवेगळ्या दारांनी आले आहेत बघा. संस्कृतातून थेट हृदय, हार्दिक, सौहार्द, सुहृद. प्राकृतातून झिजत आलेला ‘हिय्या’, जो आपण करतो किंवा ज्याचा होत नाही. फारसीतून दिल, दिलदार, दिलगीर. ग्रीकमधून डॉक्टरांचा कार्डिओग्राम. लॅटिनमधून इंग्रजीमार्गे रेकॉर्ड, कारण लॅटिनमध्ये आठवणं म्हणजे पुन्हा हृदयाशी आणणं. क्रेडिट कार्डातलं ‘कार्ड’ मात्र यातलं नाही, ते कागदाच्या ग्रीक शब्दातून आलं.

आणखी एक फसवा शेजारी. फेरोईजमध्ये ‘यॉर्टू’ म्हणजे हृदयं, आणि शेवटी आर लावून ‘यॉर्टुर’ म्हणजे हरीण. नॉर्वेजियनमध्ये हरीण ‘यूर्त’. इंग्रजीतही ‘हार्ट’ नावाचा हरणाचा जुना शब्द आहेच. दिसायला जुळे, मुळात संबंध नाही: हरणाचा शब्द शिंगाच्या धातूतून आला, जिथे आपले ‘शिर’ आणि ‘शृंग’ आहेत. लिंगाने हा गोंधळ लगेच सुटतो, हरीण पुल्लिंगी आहे.

पायरी ७: अर्थाची सीमा बघा

इथे मराठी वाचकाने आपल्याच शब्दांकडे सावधपणे बघावं. भावना आपल्याकडे काळजात असतात, आणि काळीज हा शब्द संस्कृतातल्या यकृतवाचक ‘कालेय’पासून आला आहे. म्हणजे काळजाला घरं पडतात तेव्हा शरीरशास्त्रानुसार भलताच अवयव जखमी होतो. नॉर्डिक भाषांत शरीरातलं हृदय आणि भावनेचं हृदय एकाच शब्दात मावतात, आणि यकृत वेगळं, नॉर्वेजियनमध्ये ‘लेव्हर’. म्हणून भाषांतर करताना डॉक्टरच्या चिठ्ठीत ‘हृदय’, कवितेत ‘काळीज’, घाबरगुंडी उडाली तर ‘जीव’. नॉर्वेजियन माणूस घाबरतो तेव्हा त्याचं हृदय घशात येतं. आपला जीव मुठीत असतो.

पत्त्यांचा खेळ असेल तर आणखी वेगळं. नॉर्वेत ‘यॅट्टर’ म्हणजे बदाम.

पायरी ८: वाक्यात वापरून बघा

नॉर्वेला नोकरीसाठी गेलेल्यांना आणि तिथे भाषेची परीक्षा देणाऱ्यांना याचा उपयोग थेट होतो. ‘माझं हृदय’ म्हणताना बूकमोलमध्ये साधी रीत म्हणजे निश्चित रूप आधी आणि ‘माझं’ नंतर: ‘यॅट्टे मित्त’. उलटा क्रम, ‘मित्त यॅट्टे’, व्याकरणाने चूक नाही, पण भाषणाचा किंवा गाण्याचा वास येतो. दवाखान्यात पहिलाच वापरा. ‘मित्त’मधला दुहेरी टी बघा: नाम नपुंसक म्हणून ‘माझं’ही नपुंसक. पुल्लिंगी असतं तर ‘मिन’ झालं असतं. ‘माझा, माझी, माझं’ सहज जुळवणाऱ्याला यात काही जड नाही, फक्त लिंग पाठ हवं.

फेरोईजमध्ये शरीराच्या अवयवांसाठी ‘माझं’ फारसं वापरत नाहीत. ‘हृदय, माझ्यात’ अशी रचना करतात: निश्चित ‘यार्टा’, मग ‘मध्ये’ या अर्थाचं शब्दयोगी, मग ‘मी’ची चतुर्थी. हे शब्दयोगी अव्यय नामाच्या आधी येतं, एवढं लक्षात ठेवावं. आणि विभक्तीवर नजर ठेवावी: हृदयात आहे असं म्हणायचं असेल तर चतुर्थी, ‘यार्टानुम’. हृदयात शिरलं म्हणायचं असेल तर द्वितीया, ‘यार्टा’. स्थिर असेल तर एक विभक्ती, गती असेल तर दुसरी. संस्कृतात ‘वने वसति’ आणि ‘वनं गच्छति’ म्हणतो तशीच ही विभागणी.

समासात फेरोईज ‘यार्टा’ तसाच पुढे जोडतात, ही जुनी षष्ठी. नॉर्वेजियनमध्ये ‘यॅट्टे’ जोडतात: त्याला ‘इनफार्क्त’ जोडलं की हृदयविकाराचा झटका, आणि ‘स्तार्तर’ जोडलं की विमानतळावर आणि व्यायामशाळेत भिंतीवर टांगलेलं ते झटका देऊन हृदय सुरू करणारं यंत्र. तेवढा शब्द तरी ओळखता यावा, वेळेला उपयोगी पडतो. आणि फेरो बेटांवर कुणाचा वाढदिवस असेल तर ‘यार्टालीया तिल्लुक्कू’ म्हणावं. शब्दशः हार्दिक शुभेच्छा.

स्वतः करून बघण्यासाठी एक शब्द

याच पायऱ्यांनी ‘फुप्फुस’ सोडवा. फेरोईज ‘लुंगा’, नॉर्वेजियन ‘लुंगे’. लिंगापाशीच गंमत सुरू होते: फेरोईजमध्ये तो हृदयासारखा दुर्बल नपुंसक आहे, पण नुनॉर्स्कमध्ये स्त्रीलिंगी आणि बूकमोलमध्ये पुल्लिंगी किंवा स्त्रीलिंगी, दोन्ही चालतं. जुना नपुंसक गट नॉर्वेत मोडला तेव्हा हा शब्द शेजारच्या स्त्रीलिंगी गटात जाऊन बसला, कारण शेवटचा ‘आ’ दोन्हीकडे सारखा होता. मुळाकडे जाताना इंग्रजी ‘लंग’ घ्या, त्याच भाषेतलं ‘लाइट’ म्हणजे हलकं, आणि रशियन बघा, जिथे फुप्फुसाला सरळ ‘हलकं’ असंच म्हणतात. कापलेल्या जनावराची बाकीची आतडी-काळजं पाण्यात बुडतात आणि फुप्फुस तरंगतं, हे खाटकाला कुठल्याही भाषेत माहीत असतं. संस्कृतात या धातूचा शब्द आहे ‘लघु’. प्राकृतात त्यातली अक्षरं जागा बदलून बसली, आणि मराठीत ‘हळू’ आणि ‘हलका’ झाली.